डाग आढळला नाही

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे वाचता वाचता 'पाय वाचतो की नाही' अशी धाकधूक धरून कुणी बसायला नको. पाय गेला. मी आहे. नाशिकला जेल रोडच्या बाजूला आमची छोटी खानावळ आहे, तिथे आजही मी उंच स्टुलावर बसून फोडणी देतो.

मी विलास पगारे. वीसेक वर्षं फौजेत होतो, स्वयंपाकी म्हणून. फौजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बंदूक येते. माझ्या हातात झारा होता. पण बर्फात उभ्या असलेल्या माणसाला वेळेवर गरम वरण मिळणं म्हणजे काय असतं, ते बर्फात उभ्या असलेल्या माणसालाच विचारा.

लिहायचं कारण एकच. ज्या गोष्टीनं माझा पाय नेला, तसं काही होऊ शकतं हेच मला माहीत नव्हतं. बायकोला नव्हतं, मुलीला नव्हतं, ओळखीतल्या एकाही माजी सैनिकाला नव्हतं. जुना, भरलेला, विसरलेला भाजल्याचा डाग माणसाच्या जिवावर उठू शकतो. ऐकलं तेव्हा मला वाटलं, डॉक्टर दुसऱ्याच कुणाच्या फाइलमधलं वाचताहेत.

*

आधी तो डाग कसा पडला ते सांगतो.

मी पंचविशीत होतो. आमचं युनिट वर बर्फात होतं. फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. लंगरच्या तंबूत रॉकेलचा मोठा बर्नर होता. सकाळच्या चहाची गडबड चालली होती, मी हवा भरत होतो आणि बर्नर फुटला. पेटतं रॉकेल माझ्या डाव्या पायावर आलं. पँट पेटली आणि कातडीला चिकटली.

माझ्यासोबत दुसरा कुक होता, नामदेव आहेर. सटाण्याकडचा. तो कणीक मळत होता. त्यानं त्याच कणकेच्या हातांनी माझी पेटती पँट ओरबाडून काढली. मला ओढत बाहेर नेलं आणि पाय बर्फात खुपसला. त्यात त्याचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत भाजले. आम्ही दोघं शेजारशेजारच्या खाटांवर होतो. मला पायावर उभं राहता येत नव्हतं आणि त्याला हातानं घास घेता येत नव्हता. पण त्या वयात माणूस कशालाही हसतो. आम्हीही हसलो.

जखमा भरल्या. कागदावर 'कामास योग्य' असा शेरा पडला. मी पुन्हा लंगरमध्ये, आहेर पुन्हा लंगरमध्ये. पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत वाळलेल्या सायीसारखी सुरकुतलेली, चकाकणारी कातडी राहिली. तिला घाम यायचा नाही. थंडीत ओढायची. लग्नानंतर शोभा, माझी बायको, हिवाळ्यात तिथं खोबरेल चोळून द्यायची. पुढे नोकरी पूर्ण करून, रीतसर पेन्शन घेऊन मी घरी आलो.

लग्नकार्यात कुणी विचारायचं, "फौजेत लागलं का? गोळी?"

"नाही, बर्नर फुटला. चहा करताना."

मग समोरच्याचा चेहरा जरा पडायचा. मला त्याची सवय झाली होती. पँट नेहमी लांब, फोटोत पाय कधी नाही. डाग लपवण्यातच माझी निम्मी उमर गेली. पुढे तोच डाग सिद्ध करण्यासाठी दारोदार फिरावं लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

*

पोटरीवर, डागाच्या मधोमध एक फोड आला. मी म्हटलं, शेगडीपाशी उभं राहून आला असेल. फुटला, खपली धरली, खपली पडली, पुन्हा ओला झाला. मलम लावलं. जेल रोडवरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखर तपासली. साखर नव्हती. कडेनं मांस वर आल्यासारखं दिसायला लागलं, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं. दुखत मात्र नव्हतं. त्या डागाला आधीपासूनच जाणीव कमी होती.

सायखेड्याचा माझा मेव्हणा भेटायला आला. म्हणाला, "दाजी, आमच्याकडं एक जण पाला देतो. लय जणांना गुण आलाय. दवाखान्यात कशाला पळता?" दोन-तीन आठवडे तो पालाही बांधला. त्याचा राग मला आजही नाही. त्यानं मायेनं आणला होता.

शेवटी शोभानंच ओळखलं. डोळ्यांनी नाही, नाकानं. आम्ही दोघं भाजी निवडत बसलो होतो. ती एकदम थांबली. मेथीची जुडी हुंगली, खाली ठेवली. कांद्याची टोपली हुंगली. मग माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या पायाला वास येतोय."

"मलमाचा असेल."

"मलमाचा नाय. मी आयुष्यभर भाज्या निवडल्यात. सडल्याचा वास मला कळतो."

खानावळीतलं माणूस आहे ती. त्या दिवशी तिनं पोळ्या शेजारणीवर सोपवल्या आणि मला रिक्षात घातलं.

*

मोठ्या दवाखान्यात त्यांनी जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मी, शोभा आणि मुलगी प्रज्ञा. प्रज्ञा एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी करते. सर्जन साधारण माझ्याच वयाचे, हळू बोलणारे. त्यांनी आधी विचारलं, "हा भाजल्याचा डाग किती जुना?"

"पंचवीस वर्षं तरी झाली असतील."

त्यांनी मान हलवली. हे उत्तर त्यांना आधीच माहीत असावं.

"पगारे, हा कॅन्सर आहे. कातडीचा. तुमच्या जुन्या डागातूनच तो तयार झालाय. असं फार जणांना होत नाही, पण होतं. भाजल्यानंतर खूप वर्षांनी होतं."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही असं म्हणण्याची पद्धत आहे. माझं उलट झालं. मला सगळं जास्तच ऐकू येत होतं. बाहेर नंबर पुकारणारी बाई, कुणाच्या तरी मोबाइलवरची मुलांची कविता, पंख्याची कुरकुर. फक्त तो एक शब्द माझ्या अंगावर बसत नव्हता. मी विडी ओढत नाही, तंबाखू खात नाही. कॅन्सर म्हणजे तोंडाचा, छातीचा, पोटाचा. चहा करताना भाजलेल्या पायाला कॅन्सर?

शोभानं विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं तो आत होता? मी त्याला तेल लावत होते?"

"नाही, नाही," डॉक्टर घाईनं म्हणाले. "तुमच्या तेलानं काही झालेलं नाही. इतकी वर्षं तो नव्हताच. आत्ता आत्ता झालाय."

तिला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलेलं नाही. दवाखान्यातून निघताना ती पदराला सारखे हात पुसत होती.

पुढच्या तपासण्यांत कळलं, तो हाडापर्यंत गेलाय. पाय गुडघ्याखाली काढावा लागणार. डॉक्टरांनी कागदावर रेघ मारून दाखवली. मी त्या रेघेकडे बघत विचारलं, "डाग तेवढा काढता नाही येणार?" लहान मुलानं विचारावं तसं विचारलं. डॉक्टरांनी कागद उलटा केला आणि म्हणाले, "आला असता, तर मी तेच केलं असतं."

*

दवाखान्यातल्या दिवसांना स्वतःचं घड्याळ असतं. ड्रेसिंगची ट्रॉली कॉरिडॉरमधून यायला लागली की चाकांच्या आवाजानं सगळा वॉर्ड दाराकडे बघायला लागतो. ती तुमच्या दारापुढून गेली की लाज वाटावी इतका आनंद होतो. नंतर पातळ चहा. नंतर डॉक्टरांची फेरी, त्यात तुम्ही 'लेफ्ट बिलो नी' होता. नाव नसतं. फौजेत नंबरानं ओळखले जाण्याची सवय होती म्हणून मला त्याचं फार वाटलं नाही. शेजारच्या खाटेवर वणीकडचे एक निवृत्त कंडक्टर होते, त्यांना मात्र फार वाटायचं. ते प्रत्येक फेरीत डॉक्टरांना स्वतःचं पूर्ण नाव सांगायचे, वडिलांच्या नावासकट.

ऑपरेशननंतर जाग आली आणि डावा पाय खाजत होता. पोटरीवर, नेमका डागाच्या जागी. पंचवीस वर्षं जिथं धड जाणीव नव्हती, तिथं खाज. मला वाटलं, काढलाच नाही. डॉक्टरांना काही दुसरा उपाय सापडला. मी हात खाली नेला. चादर सपाट होती.

मी ओरडलो असं शोभा सांगते. मला आठवत नाही.

शोभा रोज यायची, डबा आणायची, मला पुसून काढायची, पण तिथं बघायची नाही. नर्स ड्रेसिंगला आली की ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. मला आधी राग आला. मग एकदा ती पाठमोरी असताना मी बघितलं, तिचे खांदे हलत होते. बऱ्याच दिवसांनी एके सकाळी तिनं आपण होऊन नर्सला विचारलं, "ताई, पट्टी कशी गुंडाळायची ते मला दाखवा." पहिल्यांदा सैल झाली. तिनं सोडून परत बांधली. त्या वेळी तिचे हात माझ्या तुटलेल्या पायाला लागले, गरम, कोरडे, पोळ्या लाटणारे हात. दवाखान्यात मिळालेल्या सगळ्या औषधांत मला ते औषध जास्त लागू पडलं.

*

फौजेकडे अपंगत्वाची पेन्शन मागायचं डोकं प्रज्ञाचं. तिचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, तुम्ही ड्युटीवर भाजलात. त्या भाजण्यातून हे झालं. मग हे अपंगत्व नोकरीमुळेच आलं ना? तसं त्यांनी मान्य करायला हवं."

मी आधी नको म्हणालो. मला जिवंत राहायचं होतं, कागद नाचवायचे नव्हते. पण कुबड्यांवर घरात फिरताना माझ्या मनात एक गोष्ट घर करून बसली. लोक विचारायचे, "शुगर होती का?" किंवा "अपघात?" मी सांगायचो, ते मान डोलवायचे आणि विश्वास ठेवायचे नाहीत. मला वाटायला लागलं, निदान फौजेनं तरी म्हणावं की हा माणूस आमच्या लंगरमध्ये जळला आणि त्यातून हे झालं. अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. कॅन्सर निवृत्तीनंतर झाला, सेवेशी संबंध नाही, असं उत्तर आलं. प्रज्ञानं पहिलं अपील केलं. त्यावर मेडिकल बोर्डापुढे हजर राहायचं पत्र आलं. बोर्ड नाशकात नव्हतं, लांब जावं लागलं. तेव्हा नवा कृत्रिम पाय लावलेला होता; बसमधून उतरेपर्यंत आतून सोलून निघालो होतो.

तपासायला एक तरुण डॉक्टर होते. नम्र होते, मला हात देऊन टेबलावर बसवलं. समोर छापील कागद. ते एकेक रकाना भरत होते. नाव. वय. मग म्हणाले, "डागाची लांबी-रुंदी घ्यायची आहे. डाग दाखवा."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. "साहेब, डाग पायावर होता."

"हो. दाखवा ना."

मी पट्टे सोडले. कृत्रिम पाय काढला आणि टेबलावर ठेवला. त्याच्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं.

"पगारेजी, मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. पण तपासताना जे दिसतं तेच मला लिहावं लागतं."

"मग काय लिहिणार?"

त्यांनी कागद पुढे ओढला. लिहिलं. काय लिहिलं ते काही महिन्यांनी निकाल आला तेव्हा कळलं. प्रज्ञानं इंग्रजी वाक्य वाचलं, परत वाचलं, मग मराठीत सांगितलं: "तपासणीत भाजल्याचा डाग आढळला नाही. जुन्या नोंदीत जखम भरल्याचा उल्लेख आहे. सबब, डाग आणि आजार यांचा संबंध सिद्ध होत नाही."

शोभा पोळी लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं.

"आढळला नाही म्हणजे? तो कापून टाकला ना?"

"हो आई."

"पायासकट?"

"हो."

"मग कसा आढळेल?"

तव्यावरची पोळी जळली. आमच्या खानावळीत पोळी जळालेली मला आठवत नाही.

कॅन्सर कळला त्या दिवसापेक्षा मला हा दिवस जड गेला. आजारानं पाय नेला, समजू शकतो. आजाराला डोळे नसतात. पण ज्यांच्यासाठी मी पहाटे उठून चहा टाकायचो, त्यांच्याच कागदावर माझ्या अंगावर कधी काही झालंच नव्हतं. आंघोळ करताना मी उरलेल्या पायाला हात लावून बघायला लागलो. शोभा म्हणायची, "काय शोधताय?"

*

त्या निकालानंतर घरात भांडणं सुरू झाली. आधी अपिलासाठी भांडणारी प्रज्ञा आता म्हणत होती, "सोडा बाबा. तुमची तब्येत बघा." आणि नको नको म्हणणारा मी आता हट्टाला पेटलो होतो. मी शोभावर ओरडायचो, ती गिऱ्हाइकांवर ओरडायची, गिऱ्हाइकं कमी व्हायची. एकदा प्रज्ञा रडत म्हणाली, "मला तुम्ही हवेत, तुमचा डाग नको." मी त्यावर जे बोललो ते इथं लिहीत नाही. घरातल्या माणसाच्या आजारात घर किती झिजतं, त्याची पुस्तकं कुणी लिहीत नाही.

सर्जनकडे तपासणीला गेलो तेव्हा मी त्यांना ते वाक्य दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. म्हणाले, "पण मी तो डाग बघितलाय. मी तो कापलाय. मी लिहून देतो." त्यांनी सविस्तर पत्र दिलं, ऑपरेशनच्या वेळी काय दिसलं, गाठ डागाच्या कुठल्या भागातून वाढली, सगळं. मग म्हणाले, "तुमचा तो डाग पडला तेव्हा बघणारं कुणी आहे का अजून?"

मी घरी येऊन आहेरला फोन लावला. बऱ्याच वर्षांनी. निवृत्तीनंतर तो गावी डाळिंबाची बाग बघत होता. त्याला माझ्या पायाचं कळलंही नव्हतं. मी सांगितलं.

"पाय गया?" तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. "जो मी बर्फमां धरेल व्हता तो?"

"तोच."

"मी येस. कव्हय येऊ तेवढं सांग."

*

दुसऱ्या अपिलात पुन्हा बोर्ड बसलं. या वेळी अध्यक्ष एक बाई होत्या, वरच्या हुद्द्याच्या डॉक्टर, केस पांढरे, मराठी बोलणाऱ्या. प्रज्ञानं अर्जात साक्षीदाराचं लिहिलं होतं. त्यांनी सर्जनचं पत्र शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "मला हे पुरेसं वाटतंय. पण तुमचे सोबती इतक्या लांबून आलेत, तर त्यांचंही ऐकते."

आहेर आत आला. प्रवासासाठी नवा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. तो सावधानमध्ये उभा राहिला.

"बसा आहेर. काय बघितलं तुम्ही?"

त्यानं सांगितलं. फार कमी शब्दांत, थोडं अहिराणी, थोडं फौजेतलं हिंदी. बर्नर, पँट, बर्फ. "जखम भरनी, मॅडमसाहेब, पण डाग राहिना. आम्ही रोज एकाच नळावर अंघोळ करूत. मी रोज पाहेल शे."

"आणि तुम्हाला काही झालं होतं?"

"मले? काय बी नही. हात जरासा भाजनात."

"दाखवा बघू."

तो संकोचला. मग त्यानं बटणं सोडली आणि बाह्या वर केल्या.

मी ते हात ओळखले. तीच साय, तीच चकाकी. माझ्या पायावरची कातडी त्याच्या हातांवर बसली होती, जिवंत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, बघा, हा माझा डाग, आढळला की नाही? मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी आहेरचा उजवा हात हातात घेतला होता आणि मनगटाजवळची एक जागा निरखत होत्या. तिथं एक लहानशी जखम होती. कडा किंचित वर आलेल्या.

"हे कधीपासून आहे?"

"ते? डाळिंबना काटा लागना व्हई."

"कधी?"

"पाऊस सरना तव्हय. भरस, परत फुटस."

बाईंनी हातमोजे घातले, कडेला दाबून बघितलं, काखेत चाचपलं. माझ्या नाकाला तो वास आला. खरा आला की आठवणीतून आला, माहीत नाही. कृत्रिम पाय टोचतो म्हणून काढून बाजूला ठेवला होता, ते विसरून मी खुर्चीवरून उठायला गेलो आणि नसलेल्या पायावर भार टाकून पडलो.

आहेर धावला. त्यानं मला काखेत धरून उचललं आणि हसत म्हणाला, "अरे, काटा शे फक्त."

मी त्याचे हात धरून ठेवले. बाई शांतपणे म्हणाल्या, "आहेर, तुम्ही आजच तपासणी करून घ्या. इथंच. मी चिठ्ठी देते."

"पण मी तं साक्ष देवाले येल शे, मॅडमसाहेब."

"ती झाली," त्या म्हणाल्या.

*

आहेरला तो कॅन्सरच निघाला. माझाच. पण लहान. कातडीतच होता, खाली उतरलेला नव्हता. हात वाचणार होता.

त्यानं आधी ऐकलंच नाही. म्हणाला, बागेचा हंगाम आहे, नंतर बघू. मी सटाण्याला त्याच्या घरी गेलो. ओसरीवर त्याच्या बायकोसमोर, सुनेसमोर कृत्रिम पाय काढून ठेवला. काही बोललो नाही. भाषण देणारा माणूस मी नाही. वहिनी पायाकडे बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि आहेरचे कपडे पिशवीत भरायला लागल्या.

ऑपरेशन नाशिकलाच, माझ्याच सर्जनकडे झालं. मनगटाजवळची कातडी खोलवर काढली आणि मांडीची कातडी तिथं बसवली.

मधल्या काळात माझा निकाल आला. अपील मान्य झालं. डाग सेवेतल्या अपघाताचा, आजार त्या डागातून आलेला, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. प्रज्ञानं मोठ्यांदा वाचलं, शोभानं बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे कागद ठेवला. मला वाटलं होतं मी त्या दिवशी रडेन किंवा ओरडेन. मी कांदा चिरत राहिलो. ज्या वाक्यासाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं, ते आलं तेव्हा माझं सगळं लक्ष आहेरच्या रिपोर्टकडे लागलेलं होतं. तो निकाल मिळाला म्हणून मी हात जोडतो. अपील नाकारलं गेलं असतं तरी मी तिसरीकडे गेलो असतो. पण अर्ज पहिल्यांदाच मान्य झाला असता, तर आहेर साक्षीला आलाच नसता, आणि त्याच्या बाहीखाली काय आहे ते कुणी बघितलंच नसतं. यावर मी अजून विचार करतो. ज्या वाक्यानं मला मोडलं, त्याचे आभार मानायचे का? मला जमत नाही. पण त्याला शिव्या देणंही आता जमत नाही.

ज्यांच्या अंगावर भाजल्याचा जुना डाग आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. मग तो फौजेतला असो, स्टोचा असो, कारखान्यातला असो. त्यावर नवी जखम झाली आणि भरेना, भरून परत फुटायला लागली, कडा वर आल्या, वास आला, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. न दुखणं हीच त्याची चलाखी आहे. डॉक्टरांना 'इथं आधी भाजलेलं होतं' हे तोंडानं सांगा. घाबरून जाऊ नका. बहुतेक डाग आयुष्यभर डागच राहतात. आणि कागदाचं काम पडेल असं वाटत असेल, तर ऑपरेशनआधी डागाचे फोटो काढून ठेवा. मी काढले नाहीत. कुणी पाय कापायला निघालेला असताना फोटो कुणाला सुचतो?

आहेरच्या ऑपरेशननंतर मी डबा घेऊन वॉर्डात गेलो. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, डाव्यात सुई. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. मी कुबडी खाटेला टेकवली, त्याच्याजवळ बसलो, डबा उघडला. भात, तुरीचं वरण, तूप. कालवलं. घास त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं आधी मान फिरवली. मोठा माणूस, आजोबा झालेला. मग तोंड उघडलं. चावताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पुसायला हात मोकळा नाही. मी माझ्या बाहीनं पुसलं.

"काय झालं? दुखतंय?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. घास गिळला.

"मीठ कमी शे," तो म्हणाला.